टोपीवाला असा हसत नाही

रविवार, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच घे. दोन्ही हातांना झेरॉक्सच्या मशीनची काळी पूड लागली आहे, पाया पडायला वाकलो तर तुझी साडी कामातून जाईल.

तुझी अट मान्य. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून पत्र लिही, लिहिताना माणूस निदान वाक्य संपेपर्यंत तरी थांबतो, असं तुझं म्हणणं. तसाही आता फोन उरलेला नाही. तिला मी भलामोठा मेसेज पाठवला. कॉलेज का सोडलं इथपासून तिचा आवाज दिवसभर कानात कसा राहतो इथपर्यंत सगळं त्यात होतं. बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं की ठीक आहे, रविवारी पोस्टर आणायला विसरू नकोस. मी फोन भिंतीवर मारला. भिंतीला काही झालं नाही.

तू विचारशील, कोण ही. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या दुकानात नोट्स काढायला यायची. एकदा तिच्या हातात एक पत्रक दिसलं. लहान मुलांवर अत्याचार होऊ नयेत म्हणून आमच्या वयाची मुलंमुली वस्तीत जाऊन त्यांच्याशी बोलतात, खेळ घेतात, नाटुकलं करतात, असा त्यांचा गट. मोठ्यांनी भाषण दिलं की मुलं जांभया देतात, पण दादा-ताईंचं ऐकतात, म्हणून सगळी पोरंच. मी म्हटलं, मीही येतो. खोटं कशाला बोलू, मुलांसाठी नव्हतो गेलो. पण आता त्यात अडकलोय. प्रशिक्षण झालं. गट चालवणाऱ्या बाई आहेत, करड्या केसांच्या, आवाज न चढवता झोडपून काढणाऱ्या. त्यांचे नियम पाठ करून घेतलेत. मूल काही सांगायला लागलं तर मध्ये तोंड घालायचं नाही. कोण, कुठे, असं खोदत बसायचं नाही. कुणाला सांगणार नाही असं वचन तर कधीच द्यायचं नाही, कारण मग मदत आणायची कशी. आणि ऐकलेलं थेट बाईंकडे.

नाटकात मी दुष्ट माणूस. डोक्यावर टोपी, म्हणून मुलं मला टोपीवाला म्हणतात. मी असा काही हसतो की पहिल्या ओळीतली पोरं मागच्या ओळीच्या मांडीवर जाऊन पडतात! मी पोरीला ओढून दार धाडकन लावतो, आणि मग ती मैत्रीण धावत येते (हे काम नर्सिंगवालीचं, म्हणून तर मी टोपी घातली) आणि सगळी मुलं ओरडतात की नाही, जा, सांगणार! टाळ्यांनी हॉल दणाणतो.

पण सुखाला दृष्ट लागतेच. आमच्या मुलांत एक आहे, आपल्या छोटीएवढीच असेल, दहाएक वर्षांची. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. जगात कुणाचंही काहीही चुकलं की ती दुरुस्त करते. पोस्टरवरचं शुद्धलेखन, नर्सिंगवालीचा भांग, बाईंचं पाठांतर. आज नाटक संपल्यावर सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली की मी चुकीचं करतो. टोपीवाला असा हसत नाही. तो मुळी हसतच नाही, हळू बोलतो. आधी म्हणतो की तू तर मोठ्या माणसांसारखी समजूतदार आहेस, बाकीच्यांना काही कळत नाही. आणि दार तो लावत नाही. तो आपल्यालाच लावायला सांगतो. एवढं बोलून गेली खेळायला. सगळे खो खो हसले. नर्सिंगवालीही हसली, वर म्हणाली की घे, दिग्दर्शक मिळाली तुला. मी दिवसभर फुगून बसलो. सारा हॉल टाळ्या वाजवतो आणि वीतभर पोरगी मला अभिनय शिकवते!

या हॉलचं सांगायचं राहिलं. गल्लीत एका सरांचा शिकवणीवर्ग आहे, रविवारी ते आम्हाला हॉल फुकट देतात. काय भला माणूस आहे! नाटक झाल्यावर मला थांबवून चहा पाजतात, माझं प्रेमप्रकरण ऐकून घेतात, धीर धर म्हणतात. बाबांनी कधी एवढं ऐकलं नाही. मास्तरीणबाईचंही कौतुक त्यांनाच. वर्ग सुटल्यावर तिला मागे ठेवून घेऊन लहान मुलांच्या वह्या तपासायला देतात. मग ती शेफारणार नाही तर काय.

असो. जीव कशात लागत नाही. कॉलेजात ज्यांच्या शेजारी बाकावर बसलो त्यांचेच प्रोजेक्ट आता दुकानात स्पायरल करतो. बाबांना माझं काही सांगू नकोस, दाजींना सांग. लोभ आहेच, मी कितीही तापलो तरी तो उतू जाऊ देऊ नकोस.

तुझा
आगपेटी


बुधवार, १२ फेब्रुवारी

चि. आगपेटीस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा पुतण्या गाडीने तिकडे येतोय, त्याच्या हाती देते आहे. आधी फोन लावला, मग आठवलं की तो तू भिंतीला अर्पण केलास. दुकानाचा नंबर शोधते आहे, पण तुझ्या दुकानाला नाव तरी आहे का?

तुझं पत्र मी दाजींना मोठ्याने वाचून दाखवत होते. साडीला हसलो, भिंतीला हसलो. त्या मुलीचं उत्तर वाचून दाजी म्हणाले की पोरगी कामाची आहे, आगपेटीला झेपायची नाही. मास्तरीणबाईपाशी आलो आणि दारापर्यंत वाचून मी थांबले. दाजींनी हातातला चहा खाली ठेवला. छोटी पलीकडे चित्र काढत बसली होती. तिच्याकडे मला बघवेना.

अरे, ती तुझा अभिनय सुधारत नव्हती. हळू बोलतो, आधी स्तुती करतो, दार आपल्याला लावायला सांगतो, हे दहा वर्षांच्या पोरीला कुणी शिकवलं? तुमच्या नाटकात तर नाही. तिला एकच भाषा येते, चूक दाखवायची. त्या भाषेत तिने तुला सांगितलं. तुम्ही सगळे हसलात. मीसुद्धा हसायच्या बेतात होते, म्हणून तुला एकट्याला बोल लावत नाही.

आता नीट ऐक. मी शिकाऊ माणसाच्या शेजारी बसते तेव्हा माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तो चुकला तर मी दाबते. तुझ्या शेजारी मी बसलेली नाही, त्यामुळे तुझा तूच दाबायचा आहे. कुणावर संशय धरू नकोस. कुणाला जाब विचारू नकोस. त्या पोरीला गाठून प्रश्न विचारू नकोस. उठायचं, बाईंकडे जायचं, ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगायचं, आणि गप्प बसायचं. कॉलेजात विभागप्रमुखांपुढे भडकून जे केलंस आणि कॉलेज गमावलंस, ते इथे केलंस तर नुकसान तुझं होणार नाही, तिचं होईल.

पत्र पोचलं की उलट टपाली कळव. पुतण्या संध्याकाळी परत निघतो. तुझ्यावर माया आहेच, आज जरा धाकही धर.

तुझी
ताई


बुधवार, १२ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. ताईस,

सा. न. वि. वि. काय तोंडाने लिहू. तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं. कानात नुसता भणभणाट. बाईंकडे जायचंच होतं, देवाशप्पथ. बाईंचं ऑफिस नाक्याच्या पुढे, आणि नाक्यावर शाळेची व्हॅन उभी होती.

मास्तरीणबाई याच व्हॅनने येते-जाते. व्हॅनवाला आडदांड आहे, डोक्यावर टोपी, आणि हसतो तर गल्ली हलते. तेव्हा तो असाच कुठल्यातरी पोराच्या डब्यात डोकावून गडगडाटी हसत होता. ताई, मला तो हसताना दिसला आणि माझं डोकं फिरलं. मी त्याची कॉलर धरली. पोरांच्या देखत. त्याला काय काय बोललो ते तुला लिहून दाखवणार नाही. त्याच्या शर्टाची बटणं तुटली. तो माझ्या दुप्पट, एक ठेवून दिली असती तर मी उठलो नसतो, पण त्याने हात वर केला नाही. नुसता विचारत राहिला की काय केलं मी, काय केलं.

आणि आतून मास्तरीणबाई ओरडली. हा नाही! व्हॅनवाले मामा नाहीत ते! असं दोनदा ओरडली, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. तो हात मला अजून दिसतोय. व्हॅनमधून उतरून पळत घरी गेली.

माणसं जमली. नर्सिंगवाली दवाखान्यातल्या ड्यूटीवरून येत होती, तिने सगळं पाहिलं. पोरांना हाताला धरून घरोघर सोडायला गेली. मला वाटलं, जमीन फाटावी. बाईंकडे जायचं धैर्य उरलं नाही. सरांकडे गेलो. त्यांच्यासमोर रडलो. सगळं सांगून टाकलं, पोरगी काय बोलली ते, तू काय लिहिलंस ते. त्यांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाले की हे बाहेर कुठे बोलू नकोस, पोरीची बदनामी होईल, मुलांना कल्पना करायची सवय असते. लगेच चप्पल घालून तिच्या घरी चौकशीलाही गेले. परत येऊन म्हणाले की तिला कणकण आहे, पण परीक्षा जवळ आली, सोमवारपासून वर्गाला पाठवा असं आईला सांगून आलो. या गल्लीत एवढा एकच माणूस शांत डोक्याचा आहे.

मग आता तो कोण? मी कुणाकुणाचे चेहरे आठवतोय. डोकं फुटायची वेळ आली. तू येशील का? पुतण्या हॉर्न वाजवतोय. लोभ ठेव म्हणायची आज माझी लायकी नाही, तरी ठेव.

तुझा
आगपेटी


गुरुवार, १३ फेब्रुवारी

चि. आगपेटीस,

आशीर्वाद. हे पत्र पुतण्या तुझ्या हातात देऊन तिथेच उभा राहील, तू बाईंच्या दाराशी पोचेपर्यंत हलायचं नाही असं मी त्याला बजावलं आहे. दुकानाचा नंबर मिळाला, पण मालक म्हणाले की तू आज कामावर आलाच नाहीस. तुझ्या खोलीवर माणूस पाठवायला त्यांनी नकार दिला, आणि मी त्यांना जे बोलले ते ऐकून दाजी म्हणतात की आगपेटी एकटी नाही, आख्खा खोका आहे.

रागवायला वेळ नाही. ती ओरडली की हा नाही. हा नाही म्हणजे कोण आहे ते तिला ठाऊक आहे. स्वतः भेदरलेली असताना एका निर्दोष माणसासाठी तोंड उघडलं तिने. तुला दुसऱ्यांदा सांगितलं.

टोपी पाहिलीस आणि हसणं ऐकलंस, आणि तुझा निकाल लागला. तू टाळ्यांसाठी जो राक्षस उभा केलास त्यालाच तू पकडलंस. तिने तर तुला आधीच सांगून ठेवलं होतं की तो हसत नाही.

आणि तू सरांना का सांगितलंस? मी कुणाकडे बोट दाखवत नाही, मला तो अधिकार नाही, मी त्या माणसाला पाहिलेलं नाही. फक्त तुझीच दोन पत्रं शेजारी ठेवून वाचते आहे. वर्ग सुटल्यावर तिला मागे कोण ठेवून घेतं, हे तू हसत लिहिलंस. तिची बदनामी होईल, बोलू नकोस, असं कोण म्हणालं, हे तू रडत लिहिलंस. हळू बोलणारा, धीर देणारा, शांत डोक्याचा, हे शब्द तुझे आहेत. बाईंच्या नियमात गुपित ठेवू नका असं आहे ना? मग गुपित ठेवायला सांगणारा माणूस तुला शहाणा कसा वाटला?

चुकत असेन तर बरंच. पण सोमवारच्या आत बाई तिच्या आईपर्यंत पोचल्या पाहिजेत. बाईंना सगळं सांग, सरांना सांगून बसलास हेसुद्धा. ते लपवलंस तर मी तुझी कुणी नाही. सरांच्या दारात पाऊल टाकू नकोस, रागाने तर नाहीच नाही.

व्हॅनवाल्याची माफी माग. जिथे कॉलर धरलीस तिथेच, ज्यांच्यादेखत धरलीस त्यांच्यादेखत.

ऊठ आता. शेवटची ओळ वाचत बसू नकोस. माया आहे.

ताई


रविवार, २३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र अर्धं जिन्यात वाचलं, अर्धं पळताना. पुतण्या मागे मागे.

बाई ओरडल्या नाहीत. मी सरांचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, एवढंच, आणि पायात चपला सरकवल्या. मला बाहेर बसवून त्या तिच्या आईला भेटल्या. आई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, बाप लांब नोकरीला. बाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही. काही दिवस पोरीला एकटीला कुठेही पाठवू नका, वर्गालाही नाही, एवढंच म्हणाल्या. आई आधी तडकली. परीक्षा तोंडावर, सर फुकट शिकवतात, तुमच्या त्या माथेफिरू पोराने गल्लीत शोभा केली आणि वर आम्हालाच शहाणपण. पण दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून रजा टाकली आणि पोरीजवळ घरी राहिली.

मला गटातून काढलं नाही, पण मुलांसमोर उभं राहायला मनाई. बरोबरच आहे.

त्याच शनिवारी दुपारी नाक्यावर गेलो. पोरं व्हॅनमध्ये बसलेली. कशीबशी माफी मागितली. व्हॅनवाला हसला नाही. म्हणाला की शर्टाला बटणं बायकोने लावली, पण त्या दिवसापासून आया पोरांना व्हॅनमध्ये चढवताना माझ्या तोंडाकडे बघतात, ते तू कसं शिवणार? मग त्यानेच मला पुढच्या सीटवर बसवलं. प्रत्येक मुलाच्या दाराशी व्हॅन थांबायची, मी उतरायचो, त्या घरातल्या माणसांना सांगायचो की यांची काही चूक नाही. कुणी दार आपटलं, कुणी ऐकून घेतलं. एका आजोबांनी मला शिव्या घातल्या आणि वर पाणीही दिलं.

मास्तरीणबाईच्या दाराशी पोचलो. ती व्हॅनमध्ये नव्हती, उंबऱ्यात उभी होती. मी आईला म्हणालो की गैरसमज झाला. ती लगेच उंबऱ्यातूनच म्हणाली की असं नाही म्हणायचं. गैरसमज आपोआप होतो, तू तर कॉलर धरलीस. मी चुकलो, असं म्हण. मी म्हणालो, मी चुकलो. मग ती बाहेर येऊन व्हॅनच्या पायरीवर बसली, मला म्हणाली की तूही बस. व्हॅनवाला समजूतदार, लांब जाऊन टायर बघत बसला.

तिने विचारलं की मी एक सांगितलं तर तू कुणाला सांगणार नाहीस ना. ताई, माझ्या सगळ्या अंगाला हो म्हणायचं होतं. तिने बोलावं म्हणून मी काहीही कबूल केलं असतं. पण मी म्हणालो की तसं वचन नाही देता येत. बाईंना सांगेन, तुझ्या आईला सांगेन, कारण त्या मदत करतील. गल्लीत कुणाला सांगणार नाही. ती उठली आणि घरात निघून गेली. मला वाटलं, संपलं. नियम पाळला आणि पोरगी हातची घालवली. मी स्वतःच्या मांड्यांखाली हात दाबून बसून राहिलो, कारण हात मोकळे राहिले असते तर त्यांनी काहीतरी फोडलं असतं.

ती परत आली. आईचा हात धरून. म्हणाली की मी आईलाच सांगते, तू फक्त इथे बस, आणि मध्ये बोलू नकोस.

मी बोललो नाही. तिने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. सांगताना वाक्य मध्येच तुटलं की मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून नीट म्हणायची. शेवटी नाव घेतलं. सर. मी ज्यांच्याकडे चहा प्यायलो, ज्यांच्या खांद्यावर रडलो. व्हॅनच्या पत्र्याची कड माझ्या तळव्यात घुसली तेव्हा कळलं की मी ती किती आवळून धरली होती. उठलो नाही. ताई, मी उठलो नाही.

मग ती म्हणाली की पण दार मीच लावलं. दर वेळी मीच. म्हणून चूक माझीही आहे. तिची आई, जी आत्तापर्यंत दगडासारखी उभी होती, ती खाली मातीत बसली, पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली की दार कुणीही लावो, बाळा, चूक लावायला सांगणाऱ्याची. मी तुला रोज तिथे पाठवत होते, मलाही माहीत नव्हतं, तुला कसं कळणार.

त्याच संध्याकाळी बाई, आई आणि मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या वकीलबाई चौकीत गेल्या. तक्रार झाली. सरांना बोलावून नेलंय. आता गल्लीत दोन तट आहेत. सर सांगत सुटले होते की हा पोरगा आज व्हॅनवाल्यावर आरोप करतो, उद्या माझ्यावर करेल, परवा तुमच्यावर. कॉलेजातून हाकललेला, प्रेमात पिसाळलेला. सगळं मीच त्यांना पुरवलेलं. वकीलबाई म्हणाल्या की पोरीचा सविस्तर जबाब व्हायचा आहे, त्या दिवशी मी तिथे आसपासही दिसता कामा नये, माझ्या एका कॉलरपायी तिचं बोलणं खोटं ठरवायला बघतील.

माझ्यामुळे तिच्यावर विश्वास बसला नाही तर? एवढा एकच विचार. बसवत नाही, उभं राहवत नाही. उत्तर लवकर दे. लोभ कर, आणि जमलं तर माझ्या वाटचा थोडा तिला धाड.

तुझा
आगपेटी


बुधवार, २६ फेब्रुवारी

चि. आगपेटीस,

अनेक, अगदी मनापासून आशीर्वाद. तुझं पत्र मी आज तिसऱ्यांदा वाचलं. दाजींनी वाचलं आणि भांडी घासायला गेले, ते कधी जातात तुला ठाऊक आहे.

मी आले असते, पण मी येऊन काय करू? तुला धरून ठेवायला माणूस लागत नाही, हे तू त्या पायरीवर दाखवलंस. वकीलबाई सांगतात तसंच कर. माफी मागायला जाणं त्यापेक्षा सोपं होतं, मला माहीत आहे. न जाणं ही आता तुझी मदत आहे.

रात्री छोटीला जवळ घेऊन बसले आणि आमच्यात कुठलंही गुपित चालणार नाही असं सांगितलं. तिने लगेच कबूल केलं की माझी लिपस्टिक तिनेच मोडली. एवढ्यावर भागलं म्हणून मी तिचे पापे घेतले, तर तिला वाटलं मी वेडी झाले.

तुझी,
आणि नेहमीचीच,
ताई


शनिवार, १५ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. जबाब होऊन पंधरा दिवस झाले, लिहायला आज बसलो.

त्या दिवशी मी दुकानात होतो. मालकाला म्हटलं, मला सगळ्यात कंटाळवाणं काम दे, तर त्याने जुन्या गठ्ठ्यांच्या पिना काढायला बसवलं. दाराबाहेर बघायचं नाही असं ठरवलं होतं, प्रत्येक रिक्षा थांबली की बघत होतो. आईबरोबर बाई गेल्या, आणि नर्सिंगवाली. पोरीने स्वतः तिला मागून घेतलं, की ही ताई शेजारी बसेल तर मी सांगेन.

दुपारनंतर नर्सिंगवाली दुकानात आली. म्हणाली की पोरीने सगळं सांगितलं, एका जागी अडखळली तेव्हा पाणी प्यायली आणि पुढे गेली. जबाब घेणाऱ्या मॅडमनी कुठेही घाई केली नाही. आणि वर्गातल्या आणखी एका मुलीची आई आदल्या दिवशी आपणहून बाईंकडे येऊन गेली आहे. आता माझ्या कॉलरचं कुणी फारसं काढणार नाही. पुढे केस चालेल, वर्षं जातील, वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलंय. पण कुठल्याच घरातून त्या वर्गाकडे आता मूल जात नाही.

जाता जाता तिने माझ्या त्या मेसेजचंही उत्तर देऊन टाकलं. तिच्या मनात माझ्याबद्दल तसं काही नाही, नव्हतं, आणि होईल म्हणून मी वाट बघू नये. पण पुढच्या रविवारी तालमीला यायचं. मला राग येईल असं मला वाटत होतं. मी बराच वेळ वाट पाहिली, आला नाही. दुखतंय मात्र. फोन नाही ते बरं.

हॉल गेला. व्हॅनवाला त्याची गाडी लावतो त्या मोकळ्या जागेत आम्ही नाटक करतोय. बाईंनी मला परत घेतलं, तोच माणूस करायला. आता टोपी नाही, हसणं नाही. मी हळू बोलतो, कौतुक करतो, बिस्किट पुढे करतो. पोरं ओरडत नाहीत, चिडीचूप होतात. मला ते करताना मळमळतं. बाई म्हणाल्या की ज्या दिवशी मळमळणार नाही त्या दिवशी तुला काढून टाकीन. नाटकानंतर बराच वेळ आम्ही नुसते बसून राहतो, कुणाला काही बोलायचं असेल तर. गेल्या रविवारी एक मुलगा येऊन माझ्या शेजारी बसला. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला. मी काही विचारलं नाही. ताई, हे मला येईल का? विचारू नये कधी आणि थांबावं किती, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

आज संध्याकाळी दुकान बंद करून निघालो तर गल्लीत पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या. त्यांच्यात ती होती. तिच्यावर राज्य होतं आणि ती ते द्यायला तयार नव्हती, पाय दोरीला लागलाच नाही म्हणून हुज्जत घालत होती, चेहरा लालबुंद. मी अगदी जवळून गेलो. वाटलं, काहीतरी म्हणेल. निदान बघेल. तिने मान वर केली नाही. दोरी सुरू झाली आणि ती तिच्यात शिरली.

मी कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो आणि रडलो, तू हसशील तर हस. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

दाजींना नमस्कार, छोटीला लिपस्टिकबद्दल शाबासकी. बाबांना आता सांगितलंस तरी चालेल. लोभ आहे तेवढा पुरे, वाढला तर मला नीट वागावं लागेल.

तुझा
आगपेटी